हाताने चालवला तर चालतो, सर्व्हिस केली की रुसतो: डिप्लॉयमेंट एजंटबद्दल मदत हवी

एक_शंका (धागाकर्ता)

मंडळी, हे घोंगडं बरेच दिवस भिजत पडलंय, म्हणून शेवटी इथे टाकतोय.

दोन उबंटू सर्व्हर आहेत. दोन्हीवर नोड.जेएसचं एकच वेब ॲप चालतं. आतापर्यंतची पद्धत म्हणजे कोणीतरी एसएसएच करून आत जायचं, गिट पुल मारायचं, तिथेच बिल्ड करायचं आणि ॲप रीस्टार्ट करायचं. आता हे जेनकिन्सकडे (बिल्ड-डिप्लॉय आपोआप करणारं साधन) सोपवायचं ठरलंय. जेनकिन्सचा कंट्रोलर (कामं वाटणारं मध्यवर्ती यंत्र) दुसऱ्या नेटवर्कात आहे. सर्व्हरच्या बाजूच्या फायरवॉलमधून आत यायला मज्जाव, बाहेर जायला मुभा. म्हणून इनबाउंड एजंट (सर्व्हरवर बसून ती कामं करणारा प्रोग्रॅम) घेतला, म्हणजे एजंटच ५०००० पोर्टावर जाऊन कंट्रोलरला जोडून घेतो.

टर्मिनलमध्ये बसून एजंट.जार हाताने सुरू केलं की सगळं गुण्यागोविंदाने चालतं. त्याचीच सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस केली (यूजर तोच, माझाच) की चार तऱ्हा:

१. एजंट जोडला जातो, पण डिप्लॉय स्क्रिप्ट 'एनपीएम: कमांड नॉट फाउंड' म्हणून कोसळते.
२. एनपीएमचा (नोडची पॅकेजं बसवणारी कमांड) पूर्ण पाथ दिला तर सुडोपाशी (रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी यूजरचे, अधिकार देणारी कमांड) गाडी अडते. पासवर्ड वाचायला टर्मिनल लागतं, असा संदेश येतो.
३. सुडोला बगल देऊन नोहप (टर्मिनल बंद झालं तरी प्रोसेस चालू ठेवणारी कमांड) लावून ॲप सुरू केलं, तर जॉब हिरवा होतो आणि ॲप लगेच गायब. लॉगमध्ये ओळसुद्धा नाही.
४. थोडा वेळ काम नसलं की जेनकिन्समध्ये एजंट ऑफलाइन दिसतो. इकडे सर्व्हिस मात्र 'ॲक्टिव्ह'.

'रूटने चालव, सगळं सुटेल' असा सल्ला मिळालाय. मन धजत नाही. काय करू?

काळी_खिडकी

रूटने चालवू नका. त्याने फक्त दुसरा मुद्दा सुटतो, बाकी तीन जिथल्या तिथे राहतात.

बाकीचे सविस्तर लिहितीलच. तोवर एक करा: टर्मिनलमध्ये आणि जॉबमध्ये, दोन्हीकडे पाथ व्हेरिएबल (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) छापा आणि फरक इथे सांगा.

एक_शंका

छापला. टर्मिनलात लांबलचक येतो, सुरुवातीलाच माझ्या होम डिरेक्टरीतलं एनव्हीएमचं (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) फोल्डर. जॉबमध्ये नुसते यूएसआर/लोकल/बिन, यूएसआर/बिन वगैरे नेहमीचे. एनव्हीएमचा पत्ताच नाही.

जुनाट_गडी

वाटलंच होतं.

एनव्हीएम स्वतःची ओळ बॅशआरसीमध्ये घालतं. ती फाइल वाचते शेल, आणि सिस्टमडी सर्व्हिस सुरू करताना शेल मध्ये आणतच नाही. युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) जे लिहिलंय तेवढीच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, वर एक आखूड ठरीव पाथ. बस.

यावर लोक हमखास करतात तो उपाय म्हणजे स्क्रिप्टमध्ये बॅशआरसी सोर्स करणं. तोही उबंटूवर फसतो, कारण त्या फाइलच्या अगदी वरच एक तपासणी असते: शेल इंटरॲक्टिव्ह नसेल तर इथूनच परत फिर. एनव्हीएमची ओळ तळाशी, तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. मग कोणी शहाणा ती तपासणीच उडवतो. तसं अजिबात करू नका. उद्या त्याच यूजरने एसएसएचवरून एजंट सुरू करायची वेळ आली आणि बॅशआरसीत कुठे 'सुस्वागतम' छापणारी ओळ असली, की तीच अक्षरं एजंटच्या संभाषणात घुसतात आणि जोडणी मोडते. एससीपीचंही तसंच होतं.

व्हेरिएबल हवेच असतील तर युनिट फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंटफाइल अशी ओळ देऊन वेगळ्या फाइलमधून द्या. फक्त ती फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट नव्हे, हे ध्यानात असू द्या. 'एक्सपोर्ट' लिहू नका, आणि डॉलर लावून जुना पाथ जोडायला जाऊ नका, त्याचा विस्तार होत नाही.

आता मुद्द्याचं. प्रॉडक्शन सर्व्हरवर एनपीएम हवंय कशाला मुळात? दोन सर्व्हरवर दोनदा बिल्ड म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी तयार होणार. मधल्या काळात एखाद्या अवलंबित पॅकेजची आवृत्ती सरकली, तर एकाच कमिटची दोन रूपं दोन ठिकाणी. बिल्ड दुसऱ्या मशीनवर एकदाच करा, टारबॉल (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) बांधा, त्याचा शा-२५६ (फाइल बदलली नाही ना हे पडताळायचा ठसा) काढून ठेवा. प्रॉडक्शनवरच्या एजंटने टारबॉल आणावा, शा जुळतोय का पाहावं, उलगडावा, रीस्टार्ट मागावा, तब्येत तपासावी. याच्या पलीकडे त्याला काही येऊच नये. तुमच्या चारपैकी पहिल्या तीन अडचणी मला तरी एजंटला नको तितकं काम दिल्याच्या वाटतात.

रात्रपाळी

जुनाट_गडींशी सहमत. मी तिसऱ्या मुद्द्यावर लिहितो, कारण त्यात भल्याभल्यांची झोप उडते.

जॉब संपला की जेनकिन्स त्या जॉबने जन्माला घातलेल्या प्रोसेस शोधून मारतं. अर्धवट राहिलेले टेस्ट सर्व्हर, लटकलेले ब्राउझर मागे राहू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. शोधतं कसं? बाप-लेक नात्यावरून नाही, तर प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये त्या जॉबची खूण आहे का ते पाहून. नोहपने प्रोसेस फक्त हँगअपच्या सिग्नलला दाद देत नाही. खूण अंगावर तशीच असते, त्यामुळे सापडते आणि मरते. ॲपला रडायलाही वेळ मिळत नाही, म्हणून लॉग कोरा.

शोधलंत तर उत्तर मिळेल की जेनकिन्स_नोड_कुकी हे व्हेरिएबल बदलून त्यात 'डोंटकिलमी' घाला (फ्रीस्टाइल जॉब असेल तर बिल्ड_आयडी). खूण बदलली, प्रोसेस वाचली. चालतं. पण पुढचा सापळा बघा. तुमचा एजंट आता सिस्टमडीची सर्व्हिस आहे. त्याच्या पोटातून निघालेली प्रत्येक प्रोसेस, कितीही नोहप लावा, त्याच सर्व्हिसच्या सीग्रुपमध्ये (प्रोसेसच्या गटात) राहते. सिस्टमडीचा किलमोड मुळात कंट्रोल-ग्रुप असतो, म्हणजे सर्व्हिस थांबवली की सीग्रुपमधल्या सगळ्यांना मारायचं. कोणीतरी एजंट अपग्रेड करायला म्हणून तो रीस्टार्ट करेल, आणि ॲपही जाईल. एजंटला हात लावला आणि साइट का पडली, हे कोडं उलगडेपर्यंत नाकी नऊ येतात.

खात्री करायची असेल तर सिस्टमसीटीएल स्टेटस एजंटच्या नावाने मारा. खाली प्रोसेसचं झाड दिसतं. त्यात नोडची प्रोसेस दिसली तर समजा ॲप चुकीच्या घरात राहतंय.

एक_शंका

बाप रे. आत्ताच पाहिलं. डोंटकिलमी लावून ॲप सुरू केलं आणि ते खरंच एजंटच्या झाडात दिसतंय!

मग ॲप सुरू कोणी करायचं?

रात्रपाळी

सिस्टमडीनेच. ॲपची स्वतंत्र सर्व्हिस, स्वतंत्र यूजर. एजंटचा यूजर तिसराच, त्याला 'डिप्लॉय' म्हणू. तुमचा स्वतःचा यूजर यातून पूर्ण बाहेर काढा. एजंटने फक्त 'हिला रीस्टार्ट कर' एवढंच सिस्टमडीला सांगायचं. रीस्टार्ट सिस्टमडी करतो, त्यामुळे ॲप स्वतःच्या सीग्रुपमध्ये जन्मतं आणि जेनकिन्सची खूणही त्याला लागत नाही.

त्यासाठी सुडो लागेल. टर्मिनलमध्ये ते चालत होतं कारण तुम्ही त्याच टर्मिनलात आधी कधीतरी पासवर्ड दिलेला असणार. उबंटूवर सुडो तो पंधरा मिनिटं लक्षात ठेवतं, आणि तेही त्या टर्मिनलपुरतं. सर्व्हिसला टर्मिनलच नाही, मग आठवणार काय?

ईटीसीमधल्या सुडोअर्स.डी फोल्डरात एक फाइल करा. त्यात एकच ओळ: डिप्लॉय या यूजरला, रूट म्हणून, पासवर्डशिवाय, फक्त यूएसआर/बिन/सिस्टमसीटीएल रीस्टार्ट वेबॲप.सर्व्हिस ही पूर्ण आज्ञा. शब्दन् शब्द तीच. तारा (*) लावू नका. सुडोअर्समधली तारा स्पेसलाही जुळते, म्हणजे तुम्ही कल्पनाही केली नसेल असे पर्याय मागे चिकटवता येतात.

फाइलच्या नावात टिंब नको. टिंब असलेल्या फाइली सुडो त्या फोल्डरातून वाचतच नाही, आणि चूकही दाखवत नाही. 'डिप्लॉय.कॉन्फ' असं सुबक नाव दिलंत तर बसा शोधत. फाइल व्हीआयसुडोनेच उघडा. व्याकरण चुकलं तर ते सेव्ह करताना अडवतं, नाहीतर एका चुकलेल्या अक्षराने सगळ्यांचंच सुडो बंद पडू शकतं.

काळी_खिडकी

+१. त्यात माझी भर. 'रीस्टार्ट'च्या जोडीला लोक सहज 'स्टेटस'लाही सुडो देऊन टाकतात. गरज नाही, स्टेटस बिनसुडोचंही दिसतं. आणि धोका आहे: स्टेटसचं उत्तर लांबलं की ते लेस या पेजरमध्ये उघडतं, आणि लेसमधून उद्गारचिन्ह मारून शेल काढता येतं. सुडोने उघडलेलं लेस म्हणजे रूटचं शेल. नव्या सिस्टमडीत हे बंद केलंय (२०२३ मध्ये त्यावर सीव्हीई हा सुरक्षा-त्रुटीचा क्रमांकही निघाला होता), पण जुने सर्व्हर अजून ढिगाने आहेत.

तसंच सुडोने चालणारी स्क्रिप्ट डिप्लॉय यूजरला लिहिता येत असेल, तर तुम्ही त्याला रूटच केलंत. डॉकर ग्रुपमध्ये घातलंत तरी तेच. सर्व्हरची मूळ (/) डिरेक्टरी माउंट करून कंटेनर चालवला की झालं.

आणि हो, एजंटचं सीक्रेट कुठे ठेवलंय? युनिट फाइलमधल्या एक्झेकस्टार्टच्या ओळीत असेल तर सर्व्हरवर पीएस (चालू प्रोसेसची यादी) मारणाऱ्या कोणालाही ते दिसतं. एजंट.जारला सीक्रेटच्या जागी ॲट-चिन्ह आणि फाइलचा पाथ देता येतो. ती फाइल डिप्लॉयच्या मालकीची, परवानगी ६००.

तारतम्य

चौथा मुद्दा राहिलाच की.

एक_शंका, तुमच्या आणि कंट्रोलरच्या मध्ये जी फायरवॉल आहे ती प्रत्येक जोडणीची नोंद ठेवते, आणि बराच वेळ त्यावरून काही गेलं नाही की नोंद पुसते. पुसल्याचं दोन्ही टोकांना कळवेलच असं नाही. टीसीपीच्या दृष्टीने जोडणी जिवंत, प्रत्यक्षात मधली वाट बंद. जेनकिन्सचं पिंग मुळात दर पाच मिनिटांनी जातं. फायरवॉलची सबुरी त्याहून कमी असेल, तर पिंग निघेपर्यंत नोंद गेलेली असते. उत्तर येत नाही, कंट्रोलर एजंटला ऑफलाइन ठरवतो. इकडे जावाची प्रोसेस सुखरूप, म्हणून सिस्टमडी म्हणतं ॲक्टिव्ह. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत.

लिनक्सच्या टीसीपी कीपअलाइव्हवर भिस्त ठेवू नका. ते मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जागं होतं, आणि तेही प्रोग्रॅमने मागितलं तरच. तुलनेसाठी सांगतो, एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे ३५० सेकंद शांतता पाळली की जोडणी सोडून देतो. ॲझ्युअरच्या लोड बॅलन्सरची मूळ मुदत चार मिनिटांची.

सरळ उपाय: एजंटला वेबसॉकेट हा पर्याय द्या. मग तो ५०००० सोडून नेहमीच्या ४४३ वरून एचटीटीपीएसने जोडतो, आणि त्यात पिंग दर तीस सेकंदांनी जातं. शिवाय कंट्रोलरवरचं ५०००० पोर्ट कायमचं बंद करता येतं. कंट्रोलरपुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी असेल तर त्यात अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन हेडर पुढे पाठवायला हवेत आणि प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ करायला हवी. नाहीतर एजंट दारापर्यंत येऊन परत जाईल.

बिनएजंट

एवढं रामायण कशासाठी? अँसिबल घ्या, एसएसएचने आत जा, काम करा, बाहेर या. सर्व्हरवर कायम बसलेला एजंट नको, त्याचं जावा नको, त्याचे अपग्रेड नकोत. ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये त्या कीच्या आधी 'रिस्ट्रिक्ट' आणि ठरावीक 'कमांड' लिहिलंत की ती की दुसरं काही करूच शकत नाही.

एक_शंका

@बिनएजंट, पटतंय, पण आत यायची परवानगीच नाहीये. फायरवॉल आमच्या हातात नाही आणि एसएसएचचं २२ पोर्ट उघडणार नाहीत असं स्पष्ट सांगितलंय.

जुनाट_गडी

@बिनएजंट, दोनच सर्व्हर आणि उघडी वाट असती तर मीही तेच सांगितलं असतं. तुमची रिस्ट्रिक्टवाली युक्ती झकास आहे, फक्त अँसिबलबरोबर जमत नाही. त्याला पलीकडे आपली मॉड्यूल नेऊन चालवायची असतात, एका ठरावीक कमांडमध्ये ते बसत नाही. साध्या स्क्रिप्टला मात्र उत्तम.

पण 'एजंट बाहेर जोडतो म्हणून सुरक्षित' हा समजही सोडा. सर्व्हरचं दार बंद झालं तरी मध्यवर्ती यंत्राचं दार उघडंच असतं. सॉल्टचं (अनेक सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं साधन) २०२० साली काय झालं आठवा. तिथेही मिनियनच (त्यांचे एजंट) मास्टरच्या (मध्यवर्ती यंत्राच्या) ४५०५ आणि ४५०६ पोर्टांवर जाऊन जोडतात. मास्टरमध्ये ओळख न पटवता आज्ञा देता येईल अशी चूक सापडली. दुरुस्ती एप्रिलअखेर आली आणि मेच्या पहिल्या काही दिवसांत हल्ले सुरू झाले. लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारित प्रणाली) आणि घोस्ट (ब्लॉगिंगचा मंच) या दोघांच्याही यंत्रणेत त्यातून शिरकाव झाला. ज्यांचे मास्टर थेट इंटरनेटला उघडे होते ते सापडले. मिनियन कितीही निमूट असला तरी मालक ज्याच्या ताब्यात, मिनियन त्याचा.

म्हणून एक_शंका, जेनकिन्समध्ये या दोन एजंटांना वेगळं लेबल द्या, आणि 'लेबल जुळणारेच जॉब घे' हा वापर निवडा. नाहीतर कोणाचातरी भलताच जॉब मोकळा एक्झिक्युटर (जॉब चालवायची जागा) दिसला म्हणून प्रॉडक्शनवर येऊन चालेल. पण नुसतं लेबल म्हणजे कुलूप नाही. जॉब लिहू शकणारा कोणीही ते लेबल मागू शकतो, त्यामुळे जॉब लिहायची परवानगी कोणाकोणाला आहे तेही एकदा चाळा. एक्झिक्युटर एकच ठेवा, दोन डिप्लॉय एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत. कंट्रोलरच्या स्वतःच्या नोडवर एक्झिक्युटर शून्य.

बिनएजंट

आत येताच येत नसेल तर माझा मुद्दा मागे. मास्टरबद्दल सहमत.

तारतम्य

टारबॉल उलगडण्याबद्दल थोडं. चालत्या ॲपच्या फोल्डरावरच उलगडू नका. 'रिलीजेस' फोल्डरात कमिटच्या नावाने नवं फोल्डर, आणि 'करंट' नावाची सिमलिंक त्याकडे. लिंक बदलताना आधी नवी लिंक तात्पुरत्या नावाने बनवा, मग एमव्हीला मोठ्या टीचा पर्याय देऊन ती 'करंट'वर सरकवा. आत रिनेम होतं, ते एका झटक्यात होतं. जुन्या एलएनने -एसएफएन लावून बदललं तर तो आधी जुनी लिंक पुसायचा आणि मग नवी करायचा. मधल्या क्षणी कोणी वाचायला आलं तर फाइलच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटची तपासणी. सिस्टमसीटीएल रीस्टार्ट शून्य परत देतं, याचा अर्थ प्रोसेस सुरू झाली एवढाच. ॲपमध्ये एक छोटा पत्ता ठेवा जो चालू कमिट सांगतो. एजंटने तो दोन्ही सर्व्हरवर विचारावा, आणि दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय जॉब हिरवा होऊ देऊ नये.

हे फाजील वाटत असेल तर नाइट कॅपिटलची (शेअरचे सौदे करणारी अमेरिकी कंपनी) गोष्ट वाचा. १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, आठव्यावर राहिला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या कोडने जो फ्लॅग पुन्हा वापरात घेतला होता, तोच त्या जुन्याला जागं करणारा निघाला. पाऊण तासात ४० लाखांहून जास्त सौदे आणि ४६ कोटी डॉलरांच्या वर तोटा. कहर म्हणजे घाईत त्यांनी उरलेल्या सातांवरूनही नवा कोड काढून टाकला. मग सगळ्यांवरच जुना कोड चालायला लागला. कोणता सर्व्हर काय चालवतोय हे विचारायची सोय नसली की माणूस नेमकी उलटी दिशा धरतो.

एक_शंका

सगळ्यांचे मनापासून आभार. झालेलं काम सांगतो.

बिल्ड वेगळ्या एजंटवर नेलं, प्रॉडक्शनवरून एनव्हीएम काढलं. नोड आता पॅकेजमधून बसवलाय आणि ॲपच्या युनिटमध्ये त्याचा पूर्ण पाथ आहे. डिप्लॉय आणि वेबॲप असे दोन यूजर. सुडोअर्सची एक ओळ (फाइलच्या नावात टिंब होतंच, त्या सूचनेसाठी रात्रपाळींना वेगळा नमस्कार). वेबसॉकेट लावल्यापासून एजंट एकदाही ऑफलाइन गेलेला नाही. कमिट सांगणारा पत्ताही केला.

दोन प्रश्न उरलेत. 'करंट' लिंक बदलली तरी ॲप रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच कोड देतं, ते बरोबर ना? आणि डिप्लॉय चालू असताना कोणी एजंटच रीस्टार्ट केला तर?

तारतम्य

पहिलं बरोबर. नोड मॉड्यूल लोड करताना सिमलिंकचा खरा पाथ काढतो आणि एकदा वाचलेलं मेमरीत धरून ठेवतो. पण एक खाच आहे. काही मॉड्यूल उशिरा, गरज पडेल तेव्हा लोड होत असतील, तर जुनी प्रोसेस ती जुन्याच फोल्डरात शोधणार. म्हणून लिंक बदलल्याबरोबर जुनं फोल्डर उडवू नका. शेवटचे चार-पाच रिलीज ठेवा, बाकीचे तब्येतीची तपासणी पास झाल्यावर काढा. परत फिरायचं झालं तर तेवढेच उपयोगी पडतात.

रात्रपाळी

दुसऱ्याचं उत्तर: सिस्टमडी आधी टर्म सिग्नल देतो, मुळात ९० सेकंद वाट बघतो आणि मग किल मारतो. पण टर्म एजंटसकट सीग्रुपमधल्या सगळ्यांना एकदमच जातो, त्यामुळे तुमची स्क्रिप्ट त्याच क्षणी मरणार. मुदत वाढवून फरक पडत नाही. स्क्रिप्टची रचनाच अशी ठेवा की कुठेही तुटली तरी पुन्हा पहिल्यापासून चालवता यावी. तात्पुरत्या नावाच्या फोल्डरात उलगडा, शा जुळला की मगच खरं नाव द्या, लिंक सगळ्यात शेवटी. अर्धवट राहिलेलं तात्पुरतं फोल्डर पुढच्या वेळी स्क्रिप्टनेच सुरुवातीला साफ करावं.

एजंटला हात लावायचाच असेल तर आधी जेनकिन्समध्ये तो नोड 'तात्पुरता ऑफलाइन' करा. चालू जॉब पुरा होतो, नवा येत नाही. मग खुशाल रीस्टार्ट करा.

एक_शंका

तात्पुरती नावं आजच घालतो स्क्रिप्टमध्ये. दुसऱ्या सर्व्हरवर अजून जुनीच युनिट फाइल आहे, तीही बदलून घेतो.

काळी_खिडकी

बदलल्यावर डीमन-रीलोड मारा बरं का. नाहीतर रीस्टार्ट होईल, पण जुन्याच युनिटने.